गाठी कमी झाल्या, पण कशामुळे? उंदरांवर संयुगाची चाचणी आखताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वनस्पतीतून वेगळ्या केलेल्या संयुगाने पेशीसंवर्धनात कर्करोगाच्या पेशी मारल्या. आता हेच संयुग जिवंत उंदरात ट्यूमर होण्याला अटकाव करते का, हे पाहायचे आहे. त्यासाठी सी५७बीएल/६ वाणाचे २४ उंदीर मंजूर झाले असून त्यांचे ६-६ चे ४ गट केले आहेत: काहीही न दिलेला गट, पाठीच्या त्वचेवर फक्त डीएमबीए (कर्कजनक रसायन) व टीपीए (गाठींच्या वाढीला चालना देणारे रसायन) लावलेला गट, आणि त्याच रसायनांसोबत संयुगाच्या कमी व जास्त मात्रा तोंडावाटे दिलेले २ गट. संयुग डीएमएसओ या द्रावकात विरघळवले आहे. प्रयोगाच्या पहिल्या दिवसापासून ते रोज द्यायचे आणि १६ आठवड्यांनी गाठी मोजायच्या, असा आराखडा आहे. तो पुरेसा आहे का, असे विचारले आहे.

तो पुरेसा नाही, आणि उंदरांची अपुरी संख्या हे त्याचे एकच कारण नाही. या आराखड्यातून ‘संयुग दिलेल्या गटात गाठी कमी’ असा आकडा कदाचित हाती येईलही. पण उंदराच्या अंगावर गाठी कमी येण्याची अनेक कारणे अशी असतात की ज्यांचा संयुगाच्या कर्करोगविरोधी गुणाशी काडीचाही संबंध नसतो. उंदीर कमी खाऊ लागतो, कर्कजनक रसायन त्याच्या पेशींपर्यंत कमी पोहोचते, ते पोहोचले तरी यकृतात वा त्वचेत कमी प्रमाणात क्रियाशील होते, उंदीर गाठ येण्याच्या आधीच मरतो, किंवा मोजणाऱ्याला गट माहीत असल्यामुळे त्याचा हात आखडतो. प्रयोगाची आखणी म्हणजे या प्रत्येक पर्यायी कारणाला आधीच दार बंद करून ठेवणे. आपल्या आराखड्यात यांपैकी जवळजवळ सगळी दारे उघडी आहेत, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

पहिला मुद्दा काळाचा. कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी १९१५ मध्ये सशांच्या कानांवर डांबर वारंवार चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला, तेव्हा रसायनाने कर्करोग होतो एवढे सिद्ध झाले. पुढे १९४० च्या दशकात बेरेनब्लम आणि शुबिक यांच्या कामातून हे स्पष्ट झाले की उंदराच्या त्वचेवर ही प्रक्रिया निदान दोन निराळ्या पायऱ्यांनी घडते. आपण निवडलेली पद्धत त्याच परंपरेतली आहे. डीएमबीएची एकच अल्प मात्रा पेशीच्या डीएनएत कायमचा बदल करते, आणि उंदराच्या त्वचेत हा बदल बहुधा एचरास जनुकाच्या ६१ व्या कोडॉनमध्ये सापडतो. एवढ्यावर सहसा गाठ येत नाही. त्यानंतर आठवड्यातून दोनदा लावलेले टीपीए प्रोटीन कायनेज सी या विकराला (एन्झाइमला) चेतवते, त्वचेत दाह आणि पेशीविभाजन सुरू ठेवते, आणि त्या दबावाखाली बदललेल्या पेशींची वाढ होऊन पॅपिलोमा, म्हणजे त्वचेवरच्या चामखिळीसारख्या सौम्य गाठी, दिसू लागतात. संवेदनशील वाणात हे साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. त्यांतल्या काहींचे घातक कर्करोगात रूपांतर व्हायला आणखी कित्येक महिने लागतात. त्यामुळे १६ आठवड्यांवर थांबणारा प्रयोग पॅपिलोमाविषयी बोलू शकतो, कर्करोगाविषयी नाही. प्रबंधाच्या शीर्षकात कोणता शब्द घालायचा, हे इथेच ठरते.

आता या पायऱ्यांवर आपले संयुग कुठे बसवायचे? पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ते रोज दिले, तर गाठी कमी झाल्या तरी ते कोणत्या पायरीवर चालले हे कधीच कळणार नाही. डीएमबीए मुळात फारसे क्रियाशील नसते. सायटोक्रोम पी४५० कुळातली विकरे, विशेषतः १बी१ आणि १ए१, त्याचे रूपांतर डीएनएला चिकटणाऱ्या डायॉल-इपॉक्साइडमध्ये करतात. वनस्पतीज पॉलिफेनॉल आणि फ्लेव्होनॉइड यांतली बरीच संयुगे नेमकी हीच विकरे मंदावतात. तसे झाले तर डीएमबीए जवळजवळ निष्प्रभ राहील आणि गाठी कमी होतील. पण त्याचा अर्थ एवढाच की संयुगाने एका विशिष्ट रसायनाचे चयापचय बदलले. दुसऱ्या मार्गाने क्रियाशील होणाऱ्या कर्कजनकासमोर तेच संयुग निरुपयोगी ठरू शकते, क्वचित उलटेही वागू शकते.

हा धोका नुसता कागदावरचा नाही. पेरायनो आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मोठ्या नातलगांवर, म्हणजे रॅटवर, केलेले काम या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. अ‍ॅसिटिलअमिनोफ्लुओरिन या यकृताच्या कर्कजनकासोबत फेनोबार्बिटल हे फिटवरचे औषध दिले तेव्हा यकृतातल्या गाठी कमी झाल्या. कर्कजनक देऊन झाल्यावर तेच फेनोबार्बिटल दिले तेव्हा गाठी वाढल्या. औषध तेच, अवयव तोच, फक्त वेळ बदलली आणि निष्कर्ष उलटा झाला. ज्याने फक्त पहिला अर्धा प्रयोग केला असता, त्याने फेनोबार्बिटल कर्करोग रोखते असे छापले असते.

म्हणून संयुग दिलेल्या गटाचे निदान दोन भाग करावेत. एका गटाला संयुग डीएमबीएच्या आधी काही दिवस सुरू करून डीएमबीएनंतर दोनेक दिवसांत थांबवावे; दुसऱ्याला डीएमबीए देऊन एक-दोन आठवडे उलटल्यावर, टीपीएच्या बरोबर सुरू करावे. उंदीर मर्यादित असतील आणि एकच गट परवडत असेल, तर माझे मत निःशंकपणे दुसऱ्याच्या बाजूने आहे; कारण त्यात डीएमबीएच्या चयापचयाची शंका मुळातच निघून जाते. पेशीसंवर्धनात दिसलेला परिणामही पेशी मारण्याचा होता, डीएनएचे रक्षण करण्याचा नव्हता. तेव्हा आपल्या गृहीतकाशीही हाच गट जुळतो.

वाणाची निवड मात्र सरळ बदलावी लागेल. सी५७बीएल/६ हा प्रयोगशाळांतला सर्वांत परिचित उंदीर असला तरी त्वचेवर टीपीएने होणाऱ्या वाढीला तो बऱ्यापैकी प्रतिरोधक आहे. १६ आठवड्यांत त्याच्या नियंत्रण गटातच मोजकी पॅपिलोमा आली, तर कमी काय होणार आणि कशाच्या तुलनेत? सेनकार हा वाण याच पद्धतीसाठी निवडक पैदास करून तयार केलेला आहे, आणि एफव्हीबी/एन वाणातही गाठी भरपूर येतात, शिवाय त्यांतल्या घातक रूपांतराचे प्रमाणही अधिक असते. या दोहोंपैकी जो खात्रीच्या पैदास केंद्रातून मिळेल तो घ्यावा. जनुकबदल केलेल्या उंदरांशी तुलना करायची असल्यामुळे सी५७बीएल/६ च हवा असेल, तर मात्रा व कालावधी दोन्ही वाढवावे लागतील आणि त्यासाठी वेगळी पूर्वचाचणी लागेल.

त्वचेच्या पद्धतीत एक बारकावा असा आहे की जो लेखी कार्यपद्धतीत एका ओळीत येतो आणि प्रत्यक्षात निकाल फिरवतो. उंदराचे केस लाटांनी वाढतात. साधारण सात ते आठ आठवडे वयाला पाठीवरचे केस विश्रांतीच्या अवस्थेत असतात आणि डीएमबीए त्याच वेळी लावायचे असते. म्हणून लावण्याच्या दोन दिवस आधी पाठ भादरावी आणि लावण्याच्या दिवशी प्रत्येक उंदराची पाठ उजेडात नीट पाहावी. ज्याचे केस खुंटासारखे वर येऊ लागले आहेत किंवा कातडी करडी-काळपट झाली आहे (काळ्या वाणात हे लगेच दिसते), तो वाढीच्या अवस्थेत गेलेला असतो. त्याला प्रयोगात घेऊ नये. भादरताना कातडीला ओरखडा पडला असेल तरीही नको, कारण जखम स्वतःच टीपीएसारखी वाढीला चालना देते. या कारणांसाठी ठरलेल्या संख्येपेक्षा थोडे जास्त उंदीर मागवावेत आणि वाटप या छाननीनंतरच करावे.

डीएमबीएची नेहमीची मात्रा १०० नॅनोमोल, म्हणजे सुमारे २५.६ मायक्रोग्रॅम, २०० मायक्रोलिटर अ‍ॅसिटोनमध्ये एकदाच. टीपीए वाणानुसार बदलते, पण बरेचदा ते ५ ते १० नॅनोमोलच्या आसपास असते. दोन्ही द्रावणे हाताळताना दुहेरी हातमोजे आणि फ्यूम हूड यांत तडजोड नको. लावल्यानंतरचे काही दिवस पिंजऱ्यातला भुसाही कर्कजनक कचरा समजूनच हाताळावा. सफाई करणाऱ्या कर्मचाऱ्याला ते सांगितलेले असते असे गृहीत धरू नये.

अ‍ॅसिटोनची आणखी एक खोड. ते झपाट्याने उडते. टीपीएची बाटली उघडी ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३०-४० उंदरांना लावत गेले, तर शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचताना द्रावण नकळत तीव्र झालेले असते. नियंत्रण गटाचा पिंजरा नेहमी शेवटी असेल, तर प्रत्येक वेळी त्यालाच थोडे जास्त टीपीए मिळते, आठवड्यातून दोनदा, १६ आठवडे. आणि शेवटी संयुगाचा ‘परिणाम’ म्हणून जे दिसते त्यात या बाटलीचा वाटा किती, हे कोणीही सांगू शकत नाही. द्रावण छोट्या कुप्यांत वाटून घ्यावे आणि पिंजऱ्यांचा क्रम दर वेळी चिठ्ठ्या टाकून बदलावा. संगणकावर तयार केलेली यादृच्छिक क्रमाची यादी भिंतीवर लावली की हे काम मुळीच अवघड नाही.

आता नियंत्रण गटांकडे. संयुग डीएमएसओमध्ये आहे आणि आपल्या चारही गटांत फक्त डीएमएसओ मिळालेला एकही उंदीर नाही. डीएमएसओ हे निष्क्रिय पाणी नव्हे. त्याला स्वतःचे दाहरोधक गुण आहेत आणि ते मुक्त मूलकेही टिपते. टीपीएचे काम दाहावर चालते हे लक्षात घेतले, तर कर्कजनक आणि फक्त डीएमएसओ मिळालेला गट हाच खरा तुलनेचा गट ठरतो. शक्यतो वाहक, म्हणजे ज्यात मिसळून संयुग देतो तो द्रवच, बदलावा. संयुग अगदी थोड्या डीएमएसओत विरघळवून उरलेला भाग मिथिलसेल्युलोजच्या पाण्यातल्या द्रावणाने भरता येतो, किंवा मक्याच्या तेलात निलंबन करता येते. मात्र तेल रोज दिले की उष्मांकही रोज जातात, तेव्हा वाहकाचा गट तिथेही हवाच. नळीने पोटात द्यायचे प्रमाण किलोमागे १० मिलिलिटरच्या आत ठेवावे, म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला पाव मिलिलिटर. याखेरीज कर्कजनकाविना फक्त संयुगाच्या जास्त मात्रेचा एक गट असावा. तो नसेल, तर संयुगानेच त्वचा जाड केली किंवा वजन घटवले, हे वेगळे काढता येत नाही. काहीही न दिलेला गट लहान ठेवला तरी चालेल. त्याचे काम फक्त उंदीरघर निरोगी आहे हे दाखवण्याचे असते.

वजनाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सर्वाधिक दुर्लक्षित आहे. आहार कमी केला की उंदरातल्या गाठी कमी होतात किंवा उशिरा येतात, हे पेटन राउस यांनी १९१४ मध्ये नोंदवले होते, आणि १९४० च्या दशकात टॅननबॉम यांनी त्वचेच्या, स्तनाच्या व इतर गाठींवर ते पद्धतशीर दाखवले. त्वचेवरच्या पॅपिलोमांना हे पुरेपूर लागू आहे. आपल्या संयुगाची चव कडू असेल, त्याने पोट बिघडत असेल, किंवा रोजच्या नळीच्या ताणाने उंदीर कमी खात असेल, तर गाठी कमी होण्याचे श्रेय उपासाला जाते. आठवड्यातून दोनदा वजन आणि पिंजऱ्यागणिक खाल्लेल्या अन्नाचे माप नोंदवणे ही किमान अट आहे. नियंत्रण गटाच्या तुलनेत वजनवाढ १० टक्क्यांहून अधिक मागे पडली, तर ती मात्रा फार झाली असे समजावे. मात्रा कमी करणे शक्य नसेल, तर एक जोडआहार गट ठेवावा, म्हणजे संयुग दिलेल्या गटाने आदल्या दिवशी जेवढे खाल्ले तेवढेच अन्न दुसऱ्या दिवशी या गटाला द्यायचे. काम कंटाळवाणे आहे, पण पारखी समीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो.

याच जातीची गफलत इतर अवयवांच्या पद्धतींतही असते. मोठ्या आतड्यासाठी अ‍ॅझॉक्सिमिथेन हे कर्कजनक एकदा टोचून मग आतड्यात दाह निर्माण करणारे डीएसएस पिण्याच्या पाण्यातून सुमारे एक आठवडा देतात. संयुग पाण्यातूनच दिले आणि त्याच्या चवीमुळे उंदीर कमी पाणी प्याले, तर डीएसएसच कमी पोटात गेले, आतड्याचा दाह कमी झाला आणि पाठोपाठ गाठीही. पाण्याच्या बाटल्यांची वजने न नोंदवता केलेल्या अशा प्रयोगाला मी तरी फारसा अर्थ देत नाही. यकृतासाठी डायइथिलनायट्रोसअमीन साधारण दोन आठवड्यांच्या पिल्लांना टोचतात, आणि फुप्फुसासाठी ए/जे वाणात युरेथेन वापरतात. या दोन्हींच्या क्रियाशील होण्यात सायटोक्रोम पी४५० २ई१ चा हात आहे, तेव्हा विकर मंदावण्याची शंका तिथेही तशीच उभी राहते. ही शंका मुळापासून टाळायची तर एपीसी जनुकात जन्मजात बदल असलेले मिन उंदीर घ्यावेत. त्यांच्या आतड्यात कर्कजनकाशिवायच गाठी येतात. मात्र त्या बहुतांशी लहान आतड्यात येतात, मोठ्या आतड्यात नव्हे, आणि आहाराने त्यांची संख्या बदलते. आहाराचे म्हणाल तर सोयाबीनयुक्त साधे खाद्य टाळून एआयएन-९३ सारखे शुद्ध घटकांचे खाद्य एकाच खेपेतून घ्यावे. सोयातल्या इस्ट्रोजेनसदृश संयुगांचे प्रमाण खेपेगणिक बदलते, आणि आपण स्वतःच एक वनस्पतीज संयुग तपासत आहोत.

मात्रा ठरवताना पेशीसंवर्धनातला आकडा थेट उचलू नये. ताटलीतल्या पेशींना २० मायक्रोमोलर मिळाले म्हणजे उंदराच्या रक्तात तेवढे पोहोचेल असे नाही. तोंडावाटे दिलेली कितीतरी पॉलिफेनॉल आतड्यात आणि यकृतातच ग्लुकुरोनाइड बनून बाहेर पडतात. म्हणून मुख्य प्रयोगाच्या आधी तीन-चार वेळांना रक्त घेऊन संयुगाची पातळी मोजावी, आणि जमल्यास त्वचेतलीही. परिणाम दिसला नाही तर ‘संयुग निरुपयोगी’ आणि ‘संयुग पोहोचलेच नाही’ यांतला फरक फक्त हे मोजमाप सांगते. माणसाशी तुलना करायची असेल तर शरीरपृष्ठाच्या हिशेबाने उंदराची किलोमागची मात्रा सुमारे १२.३ ने भागावी. उंदराला किलोमागे १०० मिलिग्रॅम दिले, तर ६० किलोच्या माणसासाठी ते साधारण ४९० मिलिग्रॅम होतात. हा फक्त प्राथमिक अंदाज असतो, पण किलोमागे ग्रॅमभर संयुग देऊन त्याला आहारातले प्रमाण म्हणणाऱ्यांचा भ्रम तो लगेच दूर करतो.

उंदरांची संख्या आता पाहू. समजा १६ आठवड्यांनी नियंत्रण गटातल्या ६ पैकी ६ उंदरांना गाठी आल्या आणि संयुगाच्या गटात ६ पैकी फक्त ३ ना. प्रमाण निम्म्यावर आले, तरी फिशरच्या कसोटीने दुतर्फी पी-मूल्य (संयुगाचा परिणाम नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती सहसा ०.०५ च्या खाली लागते) ०.१८ येते. ६ पैकी २ च आल्या असे धरले तरी ते ०.०६ राहते. म्हणजे संयुगाने चारांना वाचवले तरी आपण ते सिद्ध करू शकत नाही. गाठ असलेल्या उंदरांचे प्रमाण ८० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर येणे पकडायचे असेल, तर ८० टक्के शक्तीसाठी, म्हणजे खरा फरक दहापैकी आठ वेळा पकडला जावा यासाठी, प्रत्येक गटात सुमारे ४० उंदीर लागतात. त्वचेच्या पद्धतीचा फायदा असा की एका उंदरावर अनेक गाठी येतात आणि त्यांची संख्या मोजता येते. सरासरी १२ पॅपिलोमा, प्रमाण विचलन ६, आणि अपेक्षित घट निम्मी असे धरले तर प्रत्येक गटात १७ च्या आसपास उंदीर पुरतात. गळतीसाठी २० धरावेत. म्हणून मुख्य निकष ‘प्रति उंदीर पॅपिलोमा’ असा आधीच लिहून ठेवावा आणि प्रमाण व पहिली गाठ येण्याचा काळ हे दुय्यम मानावेत. निकाल पाहून निकष निवडणे ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

उलट प्रश्न, म्हणजे संयुगच कर्करोग निर्माण करते का, हा असेल तर संख्या आणखी चढते. औषधे व रसायनांच्या नियामक चाचण्यांत प्रत्येक गटात प्रत्येक लिंगाचे निदान ५० उंदीर घेतात आणि ते साधारण दीड ते दोन वर्षे पाळतात. एवढे करूनही संयुगामुळे १ टक्का उंदरांनाच गाठ येत असेल, तर ५० च्या गटात ती एकातही न दिसण्याची शक्यता ६० टक्के असते. नियंत्रण गटात शून्य असताना संयुगाच्या गटात ५ उंदरांना गाठी आल्या तरी दुतर्फी कसोटीने पी-मूल्य ०.०५६ च येते, सहाव्या उंदराने ते ०.०२७ होते. १६ आठवड्यांत फक्त संयुग दिलेल्या गटात गाठ दिसली नाही म्हणून ‘संयुग कर्कजनक नाही’ असे लिहू नये, ते याचसाठी.

पिंजऱ्याचाही विचार हवा. एका पिंजऱ्यात एकाच गटाचे ५ उंदीर ठेवले की त्यांचे जंतू, मारामाऱ्या आणि तापमान एकसारखे होते. हिशेबाच्या दृष्टीने ते पूर्ण स्वतंत्र उरत नाहीत. तोंडावाटे नळीने देत असाल तर एकाच पिंजऱ्यात वेगवेगळ्या गटांचे उंदीर कानावरच्या खुणेने ठेवता येतात, आणि ते मला अधिक पसंत आहे. फक्त पाठ चाटण्याने संयुग वा टीपीए एकमेकांकडे जाणार नाही एवढे पाहावे. अन्नातून देत असाल तर पिंजरा हेच एकक धरून विश्लेषण करावे. तापमानाबद्दल एक उल्लेखनीय निरीक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले: नेहमीच्या सुमारे २२ अंशांऐवजी ३० अंशांवर ठेवलेल्या उंदरांत ट्यूमरची वाढ मंदावते आणि प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद सुधारतो. तेव्हा एका गटाची मांडणी वातानुकूलन यंत्रासमोर आणि दुसऱ्याची कोपऱ्यात, असे होता कामा नये. नर उंदीर मारामारीत पाठीला जखमा करून घेतात, आणि जखमेचा परिणाम वर सांगितलाच आहे. त्वचेसाठी माद्या घेण्यामागचे साधे कारण हेच.

मोजणी दर आठवड्याला, गट ठाऊक नसलेल्या व्यक्तीने करावी. एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठी आणि निदान एक आठवडा टिकलेली गाठच पॅपिलोमा म्हणून धरावी. पाठीच्या आराखड्याच्या छापील चित्रावर प्रत्येकीची जागा खुणेने नोंदवली की गळून पडलेली गाठ आणि दोन जवळच्या गाठींची झालेली एक गाठ वेगळी ओळखू येते. अखेरीस गाठी दहा टक्के बफरयुक्त फॉर्मलिनमध्ये घालून विकृतिशास्त्रज्ञाकडे द्याव्यात, आणि त्यालाही गट सांगू नये. ‘पॅपिलोमा’ समजलेल्यांपैकी काही नुसत्या जाड झालेल्या त्वचेच्या निघतात, एखादी खाली घुसलेली असते. विश्लेषणात आकडे फैलावलेले आणि काही शून्य असतात, तेव्हा टी-चाचणीपेक्षा ऋण-द्विपद प्रतिमान किंवा निदान क्रमावर आधारलेली कसोटी वापरावी. मधेच मेलेल्या उंदरांना सरसकट वगळू नये. गाठ न येता अर्ध्या कालावधीत मेलेल्या उंदराने पूर्ण जोखीम घेतलेलीच नसते. दीर्घ चाचण्यांत वापरल्या जाणाऱ्या पॉली-३ पद्धतीत असा उंदीर एक नव्हे, तर एक-अष्टमांश म्हणून मोजतात. आपल्या कमी कालावधीच्या प्रयोगात पहिल्या गाठीपर्यंतच्या काळाचा कापलान-मायर आलेख पुरेल. कोणत्या टप्प्यावर उंदराला वेदनारहित मृत्यू द्यायचा, म्हणजे गाठ चिघळणे, वजन २० टक्के घटणे, हालचाल मंदावणे, हेही प्राणी नैतिकता समितीपुढे आधीच लिहून द्यावे. त्या नोंदी विश्लेषणातही जातात.

आपण पुढे पेशी टोचून केलेल्या गाठींचाही विचार करत आहात, असे प्रश्नाच्या शेवटी म्हटले आहे. ती चाचणी सोपी आणि लवकर होते, पण ती ट्यूमर तयार होण्याविषयी काहीच सांगत नाही. तयार पेशींची वाढ थांबते का, एवढेच सांगते. शिवाय माणसाच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरातच रुजतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीमार्गे चालणारे संयुग तिथे निष्फळ दिसेल. आकारमान लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन असे काढतात, आणि रुंदीचा वर्ग होत असल्यामुळे कॅलिपर कसा धरला याला फार महत्त्व येते. १२ बाय ८ मिलिमीटरची गाठ ३८४ घनमिलिमीटर होते. रुंदी ९ वाचली की तीच ४८६, म्हणजे चतुर्थांशाहून अधिक वाढ नुसत्या एका मिलिमीटरने. सगळ्या गाठी शंभरेक घनमिलिमीटरच्या झाल्यावर आकारानुसार जुळवून गट पाडावेत आणि शेवटपर्यंत एकाच व्यक्तीने मापावे.

निष्कर्षाच्या मर्यादेबद्दल एकच उदाहरण देतो. बीटा-कॅरोटिनच्या बाजूने प्राण्यांतले आणि आहाराच्या पाहणीतले पुरावे भरपूर होते. तरी फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत, जिचे निकाल १९९४ मध्ये आले, ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी उंदरांत आधीच सुरू झालेल्या फुप्फुसाच्या गाठी व्हिटॅमिन ई आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन यांनी वेगाने वाढतात हे दाखवले. अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखले जाणारे संयुग तपासताना, गाठी आल्यानंतर ते सुरू केलेला एक छोटा गट ठेवावा असे मी सुचवतो, ते या कारणाने.

हाती असलेले २४ उंदीर त्वचेच्या मुख्य प्रयोगात घालू नयेत. ते पूर्वचाचणीला पुरेसे आहेत. वाण बदलून घेता आला तर १२ उंदरांवर संयुगाच्या तीन मात्रा आणि वाहक, प्रत्येकी तीन, असे चार आठवडे देऊन वजन, अन्न आणि यकृताची तपासणी करावी. ९ उंदरांना मधली मात्रा एकदाच देऊन अर्धा तास, दोन तास आणि आठ तासांनी प्रत्येकी तिघांचे रक्त व त्वचा घ्यावी. उरलेल्या ३ उंदरांच्या पाठीवर टीपीए लावून, संयुगाविना, त्वचा किती जाड होते ते पाहावे. आपल्या हाताने, आपल्या बाटलीतले टीपीए काम करते की नाही हे त्यातून आठवड्याभरात कळते. या तिन्हींचे आकडे जोडून प्रति गट २० उंदरांची मागणी केली, तर समितीला ती नाकारायला फारसे कारण उरत नाही.